टिचकी

तांबट आळीत आता ठोके फारसे ऐकू येत नाहीत.
घंगाळाची कड सांधून घ्यायला मी गेले
तर त्र्यंबकमामा वडके भट्टीशी एकटेच.
म्हणाले, 'कॉलेजात तू शिकवतेस ते
नेमकं काय असतं गं?
नातवाच्या वहीवर लिहिलंय, क्वांटम.
मला वाटलं, औषधाचं नाव.'

मी म्हटलं, मामा, ते इथेच सुरू झालं.
इथे म्हणजे नाशकात नव्हे,
भट्टीत.
सळई तापते तेव्हा आधी काय होतं?
'आधी मुकी असते. मग गुंजेसारखी लाल,
मग झेंडू, मग पिवळी.'
जांभळी कधी पाहिलीत?
'साठ वर्षांत नाही.'

सव्वाशे वर्षांपूर्वी शहाण्यांचा हिशोब सांगत होता
की जांभळ्याच्याही पलीकडचा,
डोळ्यांना न दिसणारा, कातडी जाळणारा उजेड
तापलेल्या वस्तूतून बेसुमार सांडायला हवा.
त्या हिशोबाने तुमच्या आजोबांचं
पहिल्याच घागरीला भस्म झालं असतं.
हिशोब चोख होता.
भट्टी ऐकत नव्हती.

मग एकाने, नाइलाजानेच, मांडून पाहिलं
की भट्टी उजेड धारेने ओतत नाही,
मोजून देते.
लाल उजेडाचं नाणं लहान,
जांभळ्याची नोट मोठी,
आणि सुट्टे कुठेच मिळत नाहीत.
भट्टीच्या खिशात चार-दोन रुपये.
लाल देते, पिवळा देते,
जांभळ्यापाशी हात आखडतो.

'म्हणजे एकनाथचं खातं,' मामा म्हणाले.
एकनाथ त्यांचा मेव्हणा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तेहतीस वर्षं कोऱ्या नोटा मोजून निवृत्त.
आता घरी बायकोच्या पोळ्या मोजतो.
'एक नोट, दोन नोटा.
दीड नोट त्याला स्वप्नातसुद्धा दिसली नाही.'
तेच, मामा. क्वांटम म्हणजे दीड नसणं.

इथवर छान चाललं होतं. चहा आला.
मी जरा जास्तच फुशारले.
म्हटलं, उजेडाची ही नाणी
दोन फटींसमोर सोडली, एका वेळी एकच,
तर पलीकडे ठिपका पडतो. एकच.
पण हजारो पडू द्या, ठिपक्यांचे पट्टे होतात,
जणू प्रत्येक नाणं दोन्ही फटींतून गेलं,
गोदेचं पाणी पुलाच्या कमानींतून जातं तसं.
आणि कुठल्या फटीतून जातंय ते बघायला बसलं
की पट्टे नाहीसे.

मामांनी पक्कड खाली ठेवली.
'एक नाणं. दोन दारं. पटत नाही.'
मलाही नाही पटत, मी म्हटलं.
गणित तेवढं येतं.

त्यांनी माझं घंगाळ मांडीवर घेतलं,
कडेला नखाने टिचकी मारली,
कान लावला.
जरा खाली सरकून पुन्हा.
'चीर इथवर आलीय.'

मी लगेच सरसावले: बघा, तसंच,
तपासायला जावं तर धक्का लागतो...
म्हणजे अगदी तसंच नाही, पण...

'टिचकी मारण्याआधी,'
माझ्याकडे न बघता ते म्हणाले,
'हा नाद कुठे होता?'

भांड्यात म्हणावं, तर भांडं गप्प होतं.
नखात तर नव्हताच.
एकवीस वर्षं शिकवतेय,
फळ्यावर हे कधी इतकं नीट मांडता आलं नाही.
मामा, कण कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नसतं,
एवढंच नाही हो.
विचारेपर्यंत त्याला 'कुठे' हेच नसतं.
बहुधा. त्यावर अजून भांडणं आहेत.

'भांडणं राहू दे. नाद होता की नव्हता?'
मी चहाचा कप बशीत ठेवला.
त्याचाही आवाज झाला.

डागाचे दोनशे ऐंशी झाले.
घंगाळ मांडीवर घेऊन रिक्षात बसले,
अशोकस्तंभाच्या सिग्नलला हळूच टिचकी मारली.
सांधलेली कड आता वेगळं बोलत होती.
अजून एकदा मारणार
तोच रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.
मी हात मागे घेतला.